बेथिया स्पिंकची हाक

आमच्या स्केरीहेव्हनमध्ये आडनावं तीनच: स्पिंक, स्वँकी आणि बीटी. त्यामुळे प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटलेलं असायचं आणि ते मेल्यावरच सुटायचं. बेथियाचा बाप चालताना डुलायचा, म्हणून तो बदक स्पिंक आणि ती बदकाची बेथिया. पोरगी अंगापिंडाने थोराड, हात राकट, बोलणं तोडून. शहरात अशा मुलीचं लग्न जमायला त्रास पडतो म्हणतात. पण आमच्याकडे बायकोचा चेहरा बघतो कोण? पाठ बघतात.

त्याला कारण होतं. बेथियाच्या आजीच्या काळात इथे धक्का नव्हता, नुसता गोट्यांचा किनारा होता. पहाटेच बुटांत पाणी शिरलं तर माणूस दिवसभर समुद्रावर कुडकुडत मरायचा. म्हणून बायका नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून होडीपर्यंत नेऊन बसवत. "आम्ही त्यांना कोरडं पाठवायचो," आजी सांगायची. "ओले यायचे की यायचेच नाहीत, ते काही आपल्या हातात नव्हतं गं."

आणि एकदा पाठीवरून उतरवला की मागून हाक मारायची नाही. पाइप विसरू दे, भाकरी विसरू दे, मागे घर पेटू दे, समुद्राकडे निघालेल्या माणसाला हाक नाही म्हणजे नाही. आजीच्या धाकट्या जावेने एकदा मारली होती. नवरा तंबाखू विसरला होता. तो हसत हसत मागे आला, तंबाखू घेतली आणि गेला. त्या होडीची फळीसुद्धा हाती लागली नाही. जाऊबाई पुढे पुष्कळ जगल्या, पण चर्चमध्ये त्यांच्या बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. पोरंटोरं त्यांना तंबाखूवाली म्हणत. लहानपणी बेथियाही म्हणत असे.

युद्ध आलं तेव्हा गावामागच्या कड्यावरची बटाट्याची शेतं नौदलाने घेतली आणि तिथे विमानतळ केला. बेथिया नौदलाच्या महिला शाखेत भरती झाली. दूर दक्षिणेत नेऊन तिला इंजिनं शिकवली आणि शिकवून झाल्यावर नेमकी तिला याच कड्यावर आणून ठेवली. आई वैतागली. "एवढं मोठं जग पडलंय, आणि सरकारला हिला ठेवायला आमच्याच डोक्यावर जागा सापडली!"

पंचेचाळीस साली जर्मनी पडला. आमच्या लोकांना वाटलं, संपलं. त्याच उन्हाळ्यात कड्यावर एक नवा विमानगट जन्माला आला. कुठून कुठून आणलेल्या दोन तुकड्या जोडून तो एका नव्या विमानवाहू जहाजासाठी उभा केला होता. जपानवर जायचं होतं. जहाज अजून गोदीत होतं आणि वैमानिकांतल्या बऱ्याच जणांना धड मिशी फुटली नव्हती. गटाला नंबर मिळाला, कमांडर मिळाला, आणि कुणीतरी जेवणघराच्या भिंतीवर गटाचं चिन्ह म्हणून दात विचकणारा सीगल रंगवला. सीगलला दात नसतात हे त्या चित्रकाराला बदक स्पिंकनेच सांगितलं. तो अंडी द्यायला वर गेला होता.

समुद्रातल्या जहाजावर उतरायचं ते आधी जमिनीवर शिकायचं, म्हणून धावपट्टीवर जहाजाच्या डेकएवढा चौकोन पांढऱ्या रंगाने आखला होता. दिवसभर विमानं त्या चौकोनात उतरायची, चाकं आपटायची आणि पुन्हा उडायची. खाली गावात कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं, तेव्हा बदकाचंही वर जाणं बंद झालं.

बेथियाकडे एक कोर्सेअर विमान होतं, अमेरिकेकडून लढाईपुरतं मागून आणलेलं. ते उडवायचा सब-लेफ्टनंट आयव्हर प्रॉसर, वेल्समधल्या एका कापडदुकानदाराचा मुलगा, किरकोळ अंगाचा आणि अखंड बडबड्या. मेकॅनिक लोकांत एक म्हण होती: विमान मेकॅनिकचं, वैमानिक ते फक्त फिरवून आणतो. बेथियाला ती म्हण शब्दशः पटली होती.

"स्पिंकबाई, देताय का आज माझं विमान?" प्रॉसर रोज सकाळी विचारायचा.

"तुमचं कुठलं, सर? माझं आहे. नेलंत तर जरा पुसून आणा. काल चाकांना अर्धं शेत चिकटलं होतं."

"शेत तुमच्याच मामाचं ना?"

"म्हणून तर. मामा बटाटे मागतोय."

यात प्रेमबीम काही नव्हतं. गावाने नंतर नको ते बोलून घेतलं, गावाची जीभ आमच्या हवेसारखी, कधी उबदार नाही. खरं एवढंच, की तिच्या कामावर हा माणूस डोळे मिटून भरवसा टाकायचा, आणि असा भरवसा टाकणारा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. ती स्वतः त्याला कॉकपिटमध्ये बसवायची, खांद्यावरचे पट्टे ओढून आवळायची आणि शिरस्त्राणावर एक टपली मारून खाली उतरायची.

जुलै संपत आला होता त्या सकाळी इंजिन नीट बोलत नव्हतं. त्या इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रांची जोडी असते. उडण्याआधी एकेक बंद करून बघायचं. इंजिन थोडं दबतं, पण फार दबता कामा नये. ते फार दबलं. बेथियाने इंजिन बंद केलं आणि हात पुसले.

"आज नाही, सर. मी सही करणार नाही."

"अहो, गारठ्याने खोकला आलाय त्याला. दोन मिनिटं जोरात फिरवलं की घसा मोकळा होईल."

"तो खोकला समुद्रावर आला म्हणजे?"

"म्हणजे पोहत येईन. तुमच्या गावात कुणाला पोहता येतं का?"

"एकालाही नाही. पोहता आलं तर उगाच मरायला वेळ लागतो."

प्रॉसर हसला. तेवढ्यात चीफ ट्रँटर आला. सगळ्या मेकॅनिकांचा तो मुकादम, बर्मिंगहॅमचा, कायम कावलेला. त्याने इंजिन पुन्हा सुरू करून ऐकलं, बेथियाकडे बघितलं आणि मान हलवली. "पोरगी बरोबर बोलतेय, सर. तुम्ही राखीव विमान घ्या." प्रॉसरने तिला वाकून मुजरा केला आणि पॅराशूट ढुंगणावर आपटत राखीव विमानाकडे निघाला.

समुद्रावरून धुकं चढून आलं. आमच्याकडे ते असंच येतं, ऊन असतानाही. उड्डाण थांबलं. विमानं धावपट्टीच्या कडेला ओळीने उभी राहिली, वैमानिक आपापल्या जागी बांधलेले. तेवढ्या वेळात बेथियाने इंजिनाचं झाकण काढलं, हाताने चाचपत गार राहिलेला सिलिंडर शोधला आणि तिथला मेलेला प्लग बदलला. इंजिन चालवून बघितलं तर आवाज लोण्यासारखा. दोष केवढा, तर एका प्लगचा.

ओळीत तिसरं विमान प्रॉसरचं. हाकेच्या अंतरावर. झाकण मागे सारलेलं, त्याचं डोकं स्पष्ट दिसत होतं, बहुधा गात होता. बेथिया पंखावरून उतरली आणि त्याच्याकडे निघाली. तुमचं विमान तयार आहे, या परत, एवढंच सांगायचं होतं. विमान बदलायला कुणाची हरकत नव्हती, चीफने उलट शाबासकी दिली असती.

अर्ध्या वाटेत तिचे पाय थांबले. माणूस निघालेला होता. पट्टे आवळून झाले होते, तोंड समुद्राकडे होतं. तिला चर्चमधला तो मोकळा बाक दिसला. गळ्याशी आलेली हाक तिने गिळली, ती त्याचं वाईट होऊ नये म्हणूनच. हे तिने स्वतःला पुढे हजारदा सांगितलं आणि ते खरंही होतं. पण खरं असून काय उपयोग?

प्रॉसरला ती दिसली. त्याने अंगठा वर करून दाखवला. मग धुकं फाटलं, टॉवरवरून निघायच्या खुणेचा हिरवा बाण सुटला आणि विमानं एकामागून एक गेली.

राखीव विमानाचं इंजिन खाडीच्या तोंडावर वळण घेताना बंद पडलं. विमान फार खालून उडत होतं, पॅराशूटचा प्रश्नच नव्हता. गावातल्या सगळ्यांनी पाहिलं. होड्या लगेच सुटल्या, बेथियाचा बाप सगळ्यांत पुढे. संध्याकाळपर्यंत माणसं पाणी विंचरत राहिली. तेलाचा एक रंगीत डाग मिळाला, बाकी काही नाही. बाप घरी येऊन चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "पोरगं होतं गं नुसतं." आईने त्याच्यापुढे धुरी दिलेल्या माशाचं ताट ठेवलं, त्याने ते हाताने बाजूला सारलं.

चौकशी झाली. राखीव विमानाची निगा ठेवणाऱ्यांचा दोष निघाला नाही. अपघात, असं ठरलं. चीफ ट्रँटरने बेथियाला बाजूला घेतलं. "तू बरोबर केलंस. बिघडलेलं विमान थांबवणं हेच आपलं काम. ऐकतेस का?" ती ऐकत होती. विमान थांबवलं याचं तिला काही वाटत नव्हतं. पण त्यानंतरचं चीफला माहीत नव्हतं, आणि तिने सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये जहाज तयार झालं, गट त्यावर जायला निघाला आणि त्याच आठवड्यात जपान शरण आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तरी गट गेला. हुकूम तो हुकूम. जहाजाने त्यांना घेऊन थोडं समुद्रात फिरवलं, डेकवर उतरण्याच्या सरावात आणखी दोघे गेले, आणि हिवाळ्यात गट मोडल्याचा कागद निघाला. ज्या वर्षी जन्म, त्याच वर्षी मरण. शत्रूवर एक गोळी झाडली नाही. लढाईत मेलेल्यांची नावं दगडावर कोरली जातात, मोठ्या गटांचे इतिहास लिहिले जातात. या गटाचं कोण लिहिणार? जेवणघराच्या भिंतीवर नव्या लोकांनी चुना मारला.

ट्रँटर सामान न्यायला परत आला तेव्हा बेथियाने विमानांचं विचारलं.

"बुडवली," तो म्हणाला. "अमेरिकेचा करारच तसा होता. युद्ध संपलं की परत करा, नाहीतर नष्ट करा. डेकवरून आम्हीच ढकलली एकेक. तुझं शेवटून दुसरं."

"कसं होतं?"

"इंजिन म्हणतेस? सुरेख. शेवटपर्यंत कधी खोकलं नाही." एवढं बोलून त्या रागीट माणसाने तोंड फिरवलं आणि बराच वेळ ट्रंकेचं कुलूप लावत बसला.

तो गेला आणि बेथियाला कळलं की आता सांगायला कुणीच उरलं नाही. पोरं न्यूझीलंडपर्यंत पांगली. कमांडर कुठे शाळेत शिकवायला गेला म्हणे. प्रॉसरच्या आईवडिलांना लिहावं तर काय लिहावं? तुमच्या मुलाला मी हाक मारणार होते, पण मारली नाही, कारण आमच्याकडे तशी रीत आहे? गटच उरला नाही, तर गुन्हा कबूल करायचा तो कुणापुढे? तिने तो गिळला आणि आयुष्याला लागली.

वॉटी स्वँकीशी तिचं लग्न झालं. वॉटी खलाशांतला चांगला, हट्टी, लालबुंद चेहऱ्याचा, भावाबरोबर 'प्रॉव्हिडन्स' नावाची बोट चालवणारा. तिने घर धरलं, मासे साफ केले, धुरी दिली, दोन मुली वाढवल्या. इतर बायकांसारखी तीही पहाटे धक्क्यावर जायची आणि गप्प उभी राहायची. गप्प राहण्यात तिचा हात कोण धरणार?

एकदा वॉटीच्या जाळ्यात वाकलेला, शिंपले चढलेला पत्रा आला. जाळं टराटरा फाटलेलं. तो शिव्या घालतच घरी आला. "तुझ्या नौदलाचा कचरा! माशांऐवजी पंख पकडतोय मी. बघ, ओळखीचा आहे का?"

बेथियाने पत्र्यावरून बोट फिरवलं. "असले पुष्कळ होते," ती म्हणाली आणि जाळं शिवायला घेतलं. वॉटीला वाटलं, बायको आज जरा जास्तच गप्प आहे. पण मुळात जी बोलत नाही तिचं जास्त गप्प असणं कसं मोजायचं?

मग त्रेपन्नच्या वसंतातली ती सकाळ. समुद्र आरशासारखा. बोटी रांगेने बंदराबाहेर निघाल्या होत्या. 'प्रॉव्हिडन्स' धक्क्यापासून सुटली, आणि बेथियाने तिच्या इंजिनात काहीतरी ऐकलं. एक ठोका चुकल्यासारखा. मग पुन्हा नीट. मग पुन्हा चुकल्यासारखा. शेजारी सासू उभी होती, तांबडी मेग, गावातली सगळ्यांत जुनी विधवा. तिला काही ऐकू आलं नव्हतं. वॉटी पाठमोरा सुकाणूवर होता.

"वॉटी!" बेथिया ओरडली. "वॉटी, परत ये! परत फीर!"

बायका तिच्यापासून दोन पावलं सरकल्या, भाजल्यासारख्या. तांबडी मेगच्या हातातली टोपली पडली. "काय केलंस गं?" ती कुजबुजली. "माझ्या पोराला काय केलंस?"

"परत ये म्हणते ना!" बेथिया धक्क्याच्या टोकाकडे धावत सुटली. एवढ्या वर्षांचा आवाज गळ्यात साठला होता, तो खाडीच्या पलीकडे ऐकू गेला असेल.

बोट वळली. वळणारच होती. अशी हाक पडल्यावर त्या दिवशी पुढे जायला एकही खलाशी तयार झाला नसता. वॉटीने दोर फेकला आणि थेट इंजिनाच्या खोलीत उतरला. दुपारपर्यंत त्याने आणि भावाने इंजिन उलगडलं. तेल ठीक, नळ्या ठीक, झडपा ठीक. काही नव्हतं. बेथियाने स्वतः उतरून बघितलं. तिलाही काही सापडलं नाही.

संध्याकाळी बाकीच्या बोटी आल्या त्या काठ पाण्याला टेकायच्या बेताला भरलेल्या. असा हॅडॉक मासा त्या वर्षी पुन्हा लागला नाही. माणसं हसली. "वॉटी, बायकोने आणखी काय काय परत बोलावलं?" भावाने सांगून टाकलं की ती पुन्हा धक्क्यावर दिसली तर आपण बोटीवर पाय ठेवणार नाही. मेग रडत चर्चला गेली.

वॉटी स्वयंपाकघरात आला, दार लावलं आणि टेबलावर मूठ आपटली. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. का? एवढंच सांग. का?"

तेव्हा बेथियाने सांगितलं. कधी न बोलणारी बाई, तिला गोष्ट नीट लावताही येईना. प्लगपासून सुरू केलं, मग धुक्याकडे गेली, मग पुन्हा प्लगकडे आली. तो गायचा, असं तिने दोनदा सांगितलं. मग हाकेच्या अंतरावर थांबलेले आपले पाय सांगितले, आणि त्याचा अंगठा.

वॉटी ऐकत राहिला. चहा निवून गेला. शेवटी त्याने विचारलं, "हाक मारली असतीस तर आला असता तो?"

"काय ठाऊक. बडबड्या होता. म्हणाला असता, राहू दे आता. पण मारली असती तर कळलं असतं, वॉटी. मी मारलीच नाही. ते पोर माझ्याकडे बघत होतं आणि मी मारलीच नाही." आणि ती रडली. सहा वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच तिला रडताना बघत होता आणि त्याला हात कुठे ठेवावे ते कळेना.

मग तो घसा खाकरून म्हणाला, "आज जे वाटोळं केलंस ते केलंस. भावाशी मी बोलतो. आईशी तू बोल, मला जमणार नाही."

"हो."

"आणि पुन्हा तसं काही ऐकू आलं तर पुन्हा ओरड. मी तुला शिव्या देईन, सगळ्यांसमोर देईन. पण येईन."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर धक्क्यावर गेली. बायकांनी तिच्याभोवती जागा मोकळी सोडली होती, तंबाखूवालीला सोडायचे तशीच. ती त्या जागेत जाऊन उभी राहिली. भाऊ तोंड वाकडं करून का होईना, बोटीवर होता. इंजिन सुरू झालं, ठोका सारखा पडत होता. बेथिया तोंड मिटून ऐकत राहिली.

आमचे पुरुष बंदरातून निघाले की मागे वळून बघत नाहीत. त्यांच्या बापांनी कधी बघितलं नाही, आजोबांनी बघितलं नाही. पण त्या सकाळी बंदराच्या तोंडाशी वॉटी स्वँकीने सुकाणू भावाच्या हातात दिलं, आणि सगळ्या गावादेखत मागे वळून तो बायकोकडे बघत राहिला, ती काही म्हणतेय का ते ऐकत.